नावं कागदावर होती: युद्धकाळातल्या ॲनिमेशनचा एक घरगुती संग्रह

हे प्रकरण दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबाचं आहे आणि त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. माणसांची, गावाची आणि ज्या संस्थांशी व्यवहार झाला त्यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. संग्रह ज्यांचा होता त्यांना इथे पणजोबा आणि आजोबा म्हटलं आहे, कारण त्या घरातली सून मूळची नाशिकची आणि ती त्यांचा उल्लेख तसाच करते. माझं काम जुने कागद आणि फिल्म यांच्या जतनाचं. तिच्या ओळखीतून मी या प्रकरणात आले.

पार्श्वभूमी

पणजोबा न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रांसाठी व्यंगचित्रं काढायचे. १९१० च्या दशकात त्यांच्यासारखे कितीतरी व्यंगचित्रकार हलत्या चित्रांकडे वळले, कारण धंदा नवा होता आणि हात चालणारी माणसं हवी होती. त्याआधी प्रत्येक चौकटीसाठी पात्रासकट सगळं दृश्य पुन्हा काढावं लागे. १९१४ मध्ये अर्ल हर्ड यांनी एका युक्तीचं पेटंट घेतलं. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारं पात्र सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर काढून वर ठेवायचं. या तावालाच धंद्यात ‘सेल’ म्हणतात. हर्ड आणि स्टुडिओमालक जॉन ब्रे यांनी आपली पेटंटं एकत्र केली आणि १९३२ पर्यंत बाकीच्या स्टुडिओंना त्यांच्याकडून परवाना घ्यावा लागला.

पहिल्या महायुद्धात हेच तंत्र लष्कराच्या कामी आलं. ब्रे यांच्या स्टुडिओतल्या मॅक्स फ्लायशर यांना सैनिकांसाठी शिकवणीचे चित्रपट करायला ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला पाठवलं होतं. विन्सर मॅके यांनी १९१८ मध्ये लुसिटानिया जहाज बुडाल्याचा प्रसंग हजारो चित्रांतून पडद्यावर उभा केला. तेही मुळात वर्तमानपत्रातले व्यंगचित्रकार. पणजोबा याच काळात अशाच एका स्टुडिओत होते.

त्यांचा मुलगा, म्हणजे आजोबा, १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसला गेला. मुख्य चित्रकाराने काढलेल्या दोन मोठ्या हालचालींच्या मधली चित्रं भरण्याच्या कामापासून त्याने सुरुवात केली. १९४२ मध्ये तो लष्करी हवाई दलाच्या फर्स्ट मोशन पिक्चर युनिटमध्ये दाखल झाला. कल्व्हर सिटीतला हॅल रोच यांचा स्टुडिओच या तुकडीची छावणी होता, म्हणून त्याला सगळे ‘फोर्ट रोच’ म्हणायचे. ॲनिमेशन विभाग रुडॉल्फ आयझिंग यांच्या हाताखाली होता. फ्रँक थॉमस, जॉन हबली यांच्यासारखे लोक तिथे गणवेशात टेबलाशी बसून चित्रं काढत.

काम काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बाँबफेकी विमानातल्या तोफचीचं उदाहरण घेऊ. अंगावर येणाऱ्या शत्रूच्या विमानावर त्याला गोळ्या झाडायच्या असतात. पण त्याचं स्वतःचं विमान वेगात पुढे जात असतं आणि सुटलेल्या गोळीलाही तो वेग मिळतो. त्यामुळे सरळ शत्रूवर नेम धरला तर गोळी चुकते. नेम शत्रूच्या आणि आपल्या शेपटीच्या मधल्या जागेत धरावा लागतो. मनाला हे पटत नाही आणि आकृती दाखवून एकोणीस वर्षांच्या पोराच्या अंगवळणी पडत नाही. एक वेंधळं पात्र, त्याच्या चुका आणि हवेतून वळत जाणारी गोळी दिसली की पडतं. सेनादलाच्या दुसऱ्या एका विभागासाठी वॉर्नर ब्रदर्समध्ये स्नाफू नावाच्या चुकार शिपायाचे लघुपट होत होते. त्यांच्या लिखाणात पुढे डॉ. स्यूस म्हणून घरोघर पोहोचलेले थिओडोर गाइझल होते. डिस्नीच्या स्टुडिओने तर सैन्याच्या तुकड्यांसाठी बाराशेच्या वर बोधचिन्हं काढून दिली.

आता मुद्द्याचं. थिएटरात लागणाऱ्या कार्टूनला तुटपुंजी का होईना, श्रेयनामावली असायची. लष्करी शिकवणीच्या बहुतेक चित्रपटांवर एकही नाव नसे. आधी दलाचं चिन्ह, मग विषय, मग ‘समाप्त’. फिल्म सरकारी अभिलेखागारात सुरक्षित असली, तरी कोणतं दृश्य कोणाच्या हातचं हे त्या फिल्मवरून कळत नाही.

अडचण

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नव्वदी ओलांडलेल्या आजी मुलीकडे राहायला गेल्या आणि घर विकायचं ठरलं. नातवंडं तीन: थोरली बहीण, मधली बहीण आणि धाकटा भाऊ. नाशिकची सून ही धाकट्याची बायको.

तिचा फोन आला तो वासामुळे. “ताई, गॅरेजमधले डबे उघडले तर लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास येतोय. आणि एक मोठा गंजलेला डबा आहे, त्याला वेगळाच वास आहे. काय करू?”

गॅरेजमध्ये उन्हाळ्यात किती तापतं याची कल्पना त्या भागात राहिलेल्यांना असेल. तिथे सोळा मिलिमीटरच्या फिल्मचे डबे होते आणि पस्तीस मिलिमीटरचा एक जुना डबा पणजोबांच्या सामानातला होता. सेलचे गठ्ठे होते. त्यांतल्या बऱ्याच सेलवरचा रंग तडकून मधल्या पातळ कागदाला चिकटला होता. पेन्सिलची शेकडो चित्रं होती. पणजोबांच्या व्यंगपट्ट्यांची कात्रणं डकवलेल्या दोन चिकटवह्या होत्या. तुकडीतल्या माणसांनी एकमेकांची काढलेली थट्टाचित्रं होती. आणि आडव्या-उभ्या रेघांचे, आकड्यांनी भरलेले लांबट तक्ते होते, ज्यांना घरातले ‘हिशेबाचे कागद’ म्हणत. एका सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यावर ‘रिस्ट्रिक्टेड’ असा शिक्का होता आणि त्याने धाकटा घाबरला होता.

लिलावघराचा माणूस माझ्याआधी येऊन गेला होता. त्याला युद्धापूर्वीचे, ओळखीच्या पात्रांचे सेल हवे होते. बाकी सामानाबद्दल त्याचं मत एका वाक्याचं होतं: याला गिऱ्हाईक नाही. घर रिकामं करायची तारीख ठरलेली होती.

भावंडांचं एकमत नव्हतं आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. थोरलीच्या नवऱ्याचं आजारपण चालू होतं, तिला पैशांची गरज होती. धाकट्याला सगळं एकत्र ठेवायचं होतं. मधलीचा प्रश्न सर्वांत अवघड होता. युद्धकाळातल्या चित्रांमध्ये जपानी माणसांची जी टवाळी असायची, दात, चष्मा, माकडासारखे हावभाव, ती या गठ्ठ्यांतही होती. मधलीचे सासरे जपानी वंशाचे अमेरिकन. १९४२ च्या सरकारी हुकमानंतर सुमारे सव्वा लाख जपानी-अमेरिकनांना काटेरी कुंपणाआड डांबलं गेलं, त्यांत ते लहानपणी मँझनारच्या छावणीत होते. तिचं म्हणणं होतं की ही चित्रं जाळून टाकावीत.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सरसकट लिलावाचा. पैसे लवकर आले असते. पण लिलावात संग्रह सुटा होतो आणि ज्याला गिऱ्हाईक नाही ते कचऱ्याच्या पेटीत जातं.

दुसरा, सगळं एखाद्या विद्यापीठाच्या किंवा अभिलेखागाराच्या संग्रहाला देणगी म्हणून द्यायचं. अमेरिकेत अशा देणगीवर करसवलत मिळते. कलाकार जिवंत असताना त्याने स्वतःचं काम दिलं तर त्याला फक्त सामानाच्या खर्चाइतकी सूट मिळते. वारसांना मात्र बाजारभावाप्रमाणे मिळू शकते. ५,००० डॉलरच्या वर किंमत असेल तर स्वतंत्र, पात्र मूल्यांकन लागतं आणि ते देणगी घेणाऱ्या संस्थेला करता येत नाही. थोरलीला हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. तिचा विरोध निम्म्याने कमी झाला तो इथे.

तिसरा पर्याय सुनेने सुचवला: सगळं स्कॅन करून मूळ वस्तू वाटून घ्यायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण तक्त्यावरची फिकट पेन्सिल, सेलच्या तळाच्या पट्टीतले क्रमांक, कागद टेबलावरच्या खुंट्यांवर बसवायची भोकं हे सगळं नीट टिपायला वेळ, यंत्रं आणि जाणती माणसं लागतात. शिवाय स्कॅनच्या फायलीही कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळाव्या लागतात.

चौथा म्हणजे वाटणी: युद्धापूर्वीचे विकाऊ सेल थोरलीकडे, बाकी सगळं एका संग्रहालयाला. शेवटी याच वाटेने गेलो, पण अटी घालून.

पहिला निर्णय: गंजलेला डबा

फोनवरच एक गोष्ट ठरवता आली. अमेरिकेत कोडॅकने १९२३ मध्ये सोळा मिलिमीटर फिल्म आणली ती पहिल्यापासून ‘सेफ्टी’ म्हणजे ॲसिटेटची होती. तिला येणारा आंबट वास ती आतून कुजत असल्याचा. त्याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. तिचं नुकसान होतं, पण ती भडकत नाही. पस्तीस मिलिमीटरची गोष्ट वेगळी. १९५० च्या सुमारापर्यंत ती बहुधा नायट्रेटची असायची. नायट्रेट जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते, त्यामुळे पाण्याने विझत नाही. १९७८ मध्ये मेरीलँडमधल्या सुटलँड इथे राष्ट्रीय अभिलेखागाराची नायट्रेट कोठारं पेटली आणि लाखो फूट वार्तापट नष्ट झाले. पुण्यातही २००३ मध्ये जुन्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या.

सुनेला सांगितलं: डबा उघडू नको, हलवू नको, गॅरेजचं दार उघडं ठेव, बॅटरी चार्जर वगैरे बंद कर. अग्निशमन दलाला कळवावं का, यावर चर्चा झाली. कळवलं असतं तर डबा बिनधोक गेला असता, पण नष्ट होण्यासाठीच. म्हणून नायट्रेट हाताळण्याचं प्रशिक्षण असलेल्या जवळच्या फिल्म अभिलेखागारातल्या तज्ज्ञाला बोलावलं. ही फिल्म साध्या कुरिअरने पाठवता येत नाही, धोकादायक मालाच्या नियमांनीच न्यावी लागते, हेही त्या तज्ज्ञ बाईनेच समजावलं.

तिने डबा बाहेर सावलीत उघडला. निम्मं रीळ तपकिरी होऊन दगडासारखं घट्ट झालं होतं. उरलेल्यावर पणजोबांच्या काळातलं एक मूक कार्टून होतं. थोडी शोधाशोध केल्यावर कळलं की त्याची याहून चांगली प्रत दुसऱ्या एका संग्रहात आधीपासून आहे.

सगळ्यांचा थोडा हिरमोड झाला. पण हा निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं. अमेरिकेच्या मूकपटांच्या काळातल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या पाहणीत आढळलं. अशा वेळी न बघता डबा जाळून टाकणं परवडणारं नाही. एवढंच, की घरातला वेळ, पैसा आणि काळजी यांतला मोठा वाटा या एका डब्याने खाल्ला आणि हिशेबाचे कागद कोपऱ्यात पडून राहिले.

दुसरा निर्णय: हिशेबाचे कागद

ते हिशेबाचे नव्हतेच. त्या एक्स्पोजर शीट होत्या. ॲनिमेशनमध्ये चित्रकार आपलं काम कॅमेऱ्याकडे देताना असा तक्ता भरून देतो. कोणतं चित्र कोणत्या चौकटीत, खाली-वर कोणते सेल, कोणता शब्द कुठे पडतो, कॅमेरा किती सरकतो, सगळं त्यात असतं. आणि वरच्या पट्टीत चित्रपटाचा क्रमांक, दृश्याचा क्रमांक, लांबी, तारीख आणि चित्रकाराचं नाव.

म्हणजे पडद्यावर जी नावं कधीच आली नाहीत, ती इथे दृश्यागणिक लिहिलेली होती. आजोबांची तर होतीच, त्यांच्या टेबलाशेजारच्या माणसांचीही होती. काही पुढे नावारूपाला आले, बरेचसे युद्धानंतर हे काम सोडून गेले आणि त्यांचं नाव ॲनिमेशनच्या कोणत्याही इतिहासात नाही.

सोळा मिलिमीटरच्या फिल्मची परीक्षाही याच सुमारास झाली. आम्लता मोजणाऱ्या कागदी पट्ट्या डब्यांत ठेवल्या. निळ्याच्या हिरव्या आणि हिरव्याच्या पिवळ्या होत जाणाऱ्या या पट्ट्यांची मोजणी ० ते ३ अशी असते आणि दीडच्या पुढे कुजणं आपोआप वेग घेतं. बहुतेक डबे दीडच्या पुढे होते. कडेच्या वर्तुळ-चौकोन-त्रिकोणाच्या खुणांवरून कोडॅकची फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. पण या खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, त्यामुळे १९४३ आणि १९६३ यांतला फरक दुसऱ्या पुराव्याने ठरवावा लागला. या होत्या शिकवणीच्या चित्रपटांच्या वाटपातल्या प्रती. यांतल्या जवळजवळ सगळ्यांच्या जास्त चांगल्या प्रती सरकारी संग्रहात आहेत.

इथे निर्णयाचा रोख बदलला. फिल्म इतरत्र होती, नावं इथेच होती. तोपर्यंत सगळ्यांची कामाची क्रमवारी फिल्म, सेल, चित्रं, आणि वेळ उरला तर कागद अशी होती. ती आम्ही उलटी केली. सोळा मिलिमीटरचे डबे थंड कोठारात नेऊन थोपवून धरले आणि पैसा तक्त्यांच्या साफसफाईवर, आम्लरहित फोल्डरांवर आणि टिपण्यावर खर्च केला.

एक नुकसान मात्र त्याआधीच झालं होतं. पहिल्या आठवड्यात धाकट्याने मदत म्हणून गठ्ठे सोडून कागद आकाराप्रमाणे लावले होते. मोठे एकीकडे, लहान दुसरीकडे. त्यामुळे कोणत्या दृश्याच्या तक्त्याबरोबर कोणती चित्रं बांधलेली होती ते कळेनासं झालं. पेन्सिलच्या चित्रांवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. सुतळीच्या एका गठ्ठ्यात असणं हाच त्यांचा पत्ता होता. पुढे क्रमांक, कागदाची भोकं (वेगवेगळ्या स्टुडिओंची खुंट्यांची रचना वेगळी असे) आणि चित्रपटातली दृश्यं यांची सांगड घालून बरंच परत जुळवलं, पण काही चित्रं अजून पोरकीच आहेत.

शिक्क्याची भीती लवकर गेली. ‘रिस्ट्रिक्टेड’ हा गुप्ततेचा दर्जाच अमेरिकेत १९५३ मध्ये रद्द झाला. पण दुसरा प्रश्न खरा होता: गणवेशात असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांवर मालकी कोणाची? असं काम स्वामित्वहक्काच्या दृष्टीने सगळ्यांना खुलं असतं, पण कागद स्वतः सरकारी मालमत्ता ठरू शकतात. लपवून ठेवण्यापेक्षा संबंधित कार्यालयाला यादीसह कळवलं. त्यांनी यादी ठेवून घेतली, कागदांवर दावा सांगितला नाही, आणि तो पत्रव्यवहार देणगीच्या कागदपत्रांना जोडला. युद्धापूर्वीच्या स्टुडिओच्या चित्रांचा हिशेब वेगळा. तिथे कागद कुटुंबाचा, पण छापायचा हक्क स्टुडिओचा.

तिसरा निर्णय: टवाळीची चित्रं

यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

धाकट्याचं म्हणणं, “इतिहास आहे, जसाच्या तसा ठेवा.” मधलीचं म्हणणं, “तुमच्यासाठी इतिहास, आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर बसलेला माणूस.” मला दोघांचं पटत होतं. पण ही चित्रं नष्ट केली तर सरकारने पगार देऊन, सैनिकांना शिकवण्याच्या नावाखाली, असं काही करवून घेतलं याचा हातचा पुरावाही जातो. तयार फिल्ममध्ये फक्त शेवटचं रूप दिसतं. कागदांवर मात्र चेहरा टप्प्याटप्प्याने अधिक कुरूप करत नेलेला दिसत होता आणि एका ठिकाणी कडेला तशी सूचनाही होती.

संग्रहालयाच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, तिचा उपयोग झाला. इवाओ ताकामोतो मँझनारच्या छावणीत असताना चित्रकला शिकले आणि १९४५ मध्ये डिस्नीत लागले. डिस्नीत काम केलेले क्रिस इशी यांनी कोलोराडोतल्या छावणीच्या वर्तमानपत्रात व्यंगपट्टी काढली. म्हणजे याच धंद्यातली माणसं कुंपणाच्या आत होती आणि त्यांचेच सहकारी बाहेर ही चित्रं काढत होते. दोन्ही कागद एकाच इतिहासाचे आहेत.

मधलीने सासऱ्यांना विचारलं. त्यांनी चित्रं पाहिली, जाळू नका म्हणाले, पण सजावट म्हणून कुठे लावूही नका. त्यातून अटी तयार झाल्या. चित्रं राहतील. सूचीत त्यांचं वर्णन ‘युद्धकालीन विनोद’ असं गुळमुळीत न करता वंशद्वेषी व्यंगचित्र असंच होईल. ऑनलाइन पानावर ती आपोआप समोर येणार नाहीत, वर्णन वाचून मागाहून उघडावी लागतील. प्रसिद्धीच्या साहित्यात वापरायची नाहीत. या अटी करारात लिहून घेतल्या, तोंडी आश्वासनावर सोडल्या नाहीत.

चौथा निर्णय: सेल आणि आजी

थोरलीच्या वाट्याचे सेल विकण्यापूर्वी त्यांची डागडुजी हवी होती. सुटलेला रंग गोंदाने चिकटवायचा मोह होतो, तो टाळला. डिस्नीचा संग्रह आणि गेटी संवर्धन संस्था यांनी मिळून केलेल्या कामातून दिसलं आहे की हवेतला ओलावा काबूत ठेवून हळूहळू वाढवला तर असा रंग मऊ होऊन पुन्हा तावाला धरू शकतो. हे तज्ज्ञाचं काम आहे, घरात वाफ देऊन करायचं नाही. नायट्रेटचे जुने सेल वेगळे काढले, कारण त्यांतून निघणारी आम्लं शेजारचे कागदही खातात.

विक्रीपूर्वी प्रत्येक सेल टिपून ठेवायचा असं ठरलं होतं. पहिल्या खेपेत लिलावघरानेच फोटो काढले आणि ते चौकटीत दिसेल तेवढ्याच भागाचे निघाले. तळाची पट्टी, जिथे दृश्याचा क्रमांक आणि शाईकाम करणारीची आद्याक्षरं असतात, ती कापली गेली. ते सेल आता कोणाच्या तरी भिंतीवर आहेत आणि पुठ्ठ्याच्या चौकटीने ती पट्टी झाकलेली असणार.

आद्याक्षरांचा अर्थ कळला तो आजींमुळे. त्यांच्याशी बोलायला बसलो तेव्हा प्रश्नांची यादी सगळी आजोबांभोवतीची होती. त्या शांतपणे उत्तरं देत होत्या. मग सुनेने सहज एक सेल पुढे केला, तर त्यांनी तो उलटा धरून कडेची दोन अक्षरं वाचली आणि एका मैत्रिणीचं नाव घेतलं. लग्नाआधी त्या स्वतः त्या स्टुडिओत शाईकाम करत होत्या. पेन्सिलची रेघ सेलवर शाईने उतरवायची, एका दमात, हात थरथरू न देता. त्या काळात हे काम मुख्यतः बायकाच करायच्या आणि पडद्यावर त्यांचं नाव येत नसे. घरात सगळ्यांना हे ‘आजी लग्नाआधी कुठेतरी नोकरी करायच्या’ एवढंच माहीत होतं. त्या बैठकीत आणि नंतर त्यांनी आठ-दहा जणींची आद्याक्षरं ओळखली, थट्टाचित्रांतले काही चेहरेही सांगितले. सगळं ध्वनिमुद्रित केलं आहे. पुढे त्यांची आठवण फार साथ देईनाशी झाली.

परिणाम

युद्धकाळातले सगळे कागद, चित्रं, थट्टाचित्रं आणि सोळा मिलिमीटरच्या फिल्म एका विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. नायट्रेटचं वाचलेलं अर्धं रीळ अभिलेखागाराच्या कोठारात गेलं. सूची सर्वांना पाहता येते. एक्स्पोजर शीटवरून दृश्यवार नावांची यादी तयार झाली आणि त्यातल्या काही चित्रपटांच्या सरकारी प्रतींशी ताडून पाहिली गेली. काही कुटुंबांना आपल्या वडिलांनी युद्धात नेमकं काय केलं हे पहिल्यांदा या यादीतून कळलं. थोरलीला सेलचे पैसे मिळाले, अपेक्षेपेक्षा कमी, पण गरजेच्या वेळी. तिघं एकमेकांशी बोलतात.

वेगळं काय करता आलं असतं

काहीही हलवण्यापूर्वी गॅरेजचे आणि प्रत्येक गठ्ठ्याचे फोटो काढायला हवे होते. साधा फोन पुरला असता. ज्या क्रमाने कागद सापडतात तो क्रम हीच अर्धी माहिती असते, हे घरच्यांना पहिल्या फोनवरच सांगणं गरजेचं आहे. आता मी कोणालाही वासाबद्दल विचारण्याआधी हे सांगते.

लिलावघराशी करार करताना फोटो पूर्ण तावाचे, दोन्ही बाजूंचे, भोकांसकट अशी अट लेखी हवी.

आजींशी बोलणं सर्वांत आधी व्हायला हवं होतं. डबा दोन आठवडे थांबला असता. आणि प्रश्न ‘तुमचे यजमान काय करायचे’ इथून सुरू न करता ‘तुम्ही काय करायच्या’ इथून. मायकेल बॅरिअर आणि मिल्टन ग्रे यांच्यासारख्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या ॲनिमेटरांच्या मुलाखती घेतल्या म्हणून आज आपल्याला एवढं तरी माहीत आहे. शाईकाम-रंगकामाच्या टेबलांपर्यंत मात्र त्या काळी फार थोडे लोक गेले.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट जोडते. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास काडेपेटीतल्या काड्या हलवून केलेला चित्रपट आज उपलब्ध नाही. पण पुढचा धागा हातात आहे. डिस्नीत काम केलेले, भारतात जन्मलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. ॲनिमेटर राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. तिथे काम केलेल्या माणसांच्या घरी, दादर-गिरगावच्या माळ्यांवर, असेच आकड्यांचे लांबट तक्ते असण्याची शक्यता आहे. ते हिशेबाचे कागद म्हणून रद्दीत घालण्यापूर्वी वरच्या पट्टीत नाव आहे का ते पाहा.

राहिलेलं काम

पणजोबांच्या चिकटवह्या अजून उघडून पूर्ण टिपलेल्या नाहीत. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून कडेला तुटतो आहे आणि डकवायला वापरलेलं रबर सिमेंट आरपार झिरपलं आहे. ग्रंथालयांनी जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर घेतली तेव्हा रविवारच्या रंगीत पानांचे रंग गेले. बिल ब्लॅकबिअर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या घरात टाकून दिलेले वृत्तपत्रांचे खंड साठवले, म्हणून ओहायो राज्य विद्यापीठाच्या व्यंगचित्र ग्रंथालयात आज त्यांचा सुमारे ७५ टनांचा संग्रह आहे. पणजोबांच्या वह्यांतल्या पट्ट्या त्या खंडांत सापडतात का, हे आधी तपासायचं ठरलं आहे. सापडल्या तर वह्यांतल्या कात्रणांपेक्षा पणजोबांनी कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदींवर खर्च करायचा. न सापडल्या तर पान न पान सोडवावं लागेल. त्यासाठी लागणारे पैसे मधली बहीण आणि तिच्या सासरची मंडळी जमवत आहेत.